मानेच्या मणक्यांची मोजमापे: शल्यचिकित्सकाला नेमके कोणते आकडे लागतात?

प्रश्न — ॲनाटॉमी_निवासी, मुंबई

नमस्कार. मी मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्रात एम.डी. करीत असून मानेच्या मणक्यांची मोजमापे आणि त्यांचे शस्त्रक्रियेतील महत्त्व असा माझ्या प्रबंधाचा विषय साधारण ठरला आहे. सिनॉप्सिस लवकरच नाशिकला विद्यापीठाकडे पाठवायचा आहे. विभागात सुटे मणके भरपूर आहेत, क्रमाने ओवलेले पूर्ण सांगाडे मात्र मोजकेच आहेत, आणि साधन म्हणून डिजिटल व्हर्नियर कॅलिपर उपलब्ध आहे. मणक्याच्या बॉडीची (पुढच्या जाड भागाची) उंची, रुंदी व खोली, पेडिकलची (बॉडीला मागच्या कमानीशी जोडणाऱ्या आखूड दांड्याची) रुंदी व उंची, लॅटरल मासची (बाजूच्या जाड हाडाची) जाडी, ट्रान्सव्हर्स फोरामेनचे (बाजूच्या छिद्राचे) व्यास आणि स्पायनल कॅनालचे (मज्जारज्जूच्या पोकळीचे) दोन्ही व्यास अशी मोठी यादी मी तयार केली आहे.

यादी करताना आधीचे बरेच लेख वाचले. जवळजवळ प्रत्येक लेखात सरासरी आणि प्रमाण विचलनाचे (आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत याचे) तक्ते असतात व शेवटी ‘हे आकडे शल्यचिकित्सकांना उपयुक्त ठरतील’ असे एक वाक्य असते. ते कसे उपयुक्त ठरतील हे मात्र क्वचितच सांगितलेले असते. आज शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येक रुग्णाचा सीटी स्कॅन होत असेल, तर कपाटातील कोरड्या हाडांवरून काढलेली सरासरी कोणत्या टप्प्यावर आणि कोणाच्या कामी येते? मानेच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी व हाडांवर काम केलेल्या ज्येष्ठांनी मार्गदर्शन करावे. यादीतील काय ठेवावे व काय गाळावे, हे त्यावरून ठरवता येईल.

उत्तर १ — मणका_शल्यचिकित्सक

डॉक्टर, प्रश्न रास्त आहे आणि तो सिनॉप्सिस पाठवण्यापूर्वी विचारलात हे बरे झाले. शस्त्रक्रियागृहात सरासरीचा तक्ता कोणीही उघडत नाही. टेबलावरील रुग्णाचा सीटी पडद्यावर असतो आणि आम्ही त्याच रुग्णाची हाडे मोजलेली असतात. असे असूनही, आम्ही जी शस्त्रक्रिया करतो तिची पद्धत, स्क्रूची जाडी, आत शिरण्याचा बिंदू आणि कोन हे सगळे कोणीतरी पूर्वी केलेल्या मोजमापांतूनच आलेले असते. म्हणून प्रत्येक मोजमापाला एकच प्रश्न विचारावा: या आकड्याने शल्यचिकित्सकाचा कोणता निर्णय बदलतो? ज्याने काहीच बदलत नाही, ते मोजमाप यादीतून काढावे.

पेडिकलपासून सुरुवात करू. मानेच्या तिसऱ्या ते सातव्या मणक्यांत (सी-३ ते सी-७) पेडिकल स्क्रू बसवण्याची पद्धत जपानच्या आबुमी यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. यांत्रिक मजबुतीत हा स्क्रू इतर पर्यायांना मागे टाकतो. अडचण जागेची आहे. वापरात असलेला स्क्रू सहसा ३.५ मि.मी. जाडीचा असतो आणि दोन्ही बाजूंना हाडाचे थोडे कवच उरावे म्हणून पेडिकलची बाहेरून रुंदी किमान ४.५ मि.मी. असावी असे बहुतेकजण मानतात. सी-३ ते सी-५ या मणक्यांत सरासरी रुंदीच साडेचार ते साडेपाच मि.मी.च्या आसपास असते. समजा, तुमच्या नमुन्यात सरासरी ५.२ आणि प्रमाण विचलन ०.८ आले (हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत). सरासरी पाहून स्क्रू आरामात बसेल असे वाटते. पण वितरण नॉर्मल धरले तर सुमारे १९ टक्के, म्हणजे पाचांतील जवळजवळ एक पेडिकल ४.५ च्या खाली जाते. मला तुमच्या प्रबंधातून हवा असलेला आकडा हा आहे: कोणत्या पातळीवर किती टक्के पेडिकल या मर्यादेखाली येतात. तो छापील तक्त्यांत क्वचितच असतो, हे तुमचे निरीक्षण अचूक आहे.

पेडिकलची उंची रुंदीपेक्षा जास्त असते, त्यामुळे ती सहसा आड येत नाही. ती मोजलीत तरी तिच्यावर पाने खर्च करू नका. त्याउलट भिंतींची जाडी फार महत्त्वाची आहे. पेडिकलची आतली, मज्जारज्जूकडची भिंत जाड असते आणि बाहेरची, ट्रान्सव्हर्स फोरामेनकडची भिंत पातळ असते. शिवाय सी-३ ते सी-५ मध्ये पेडिकल आतल्या बाजूला ४० ते ५० अंशांनी कललेली असते आणि पाठीमागच्या जाड स्नायूंमुळे हाताला तितका तिरपा कोन साधताना त्रास होतो. पातळ भिंत आणि अपुरा कोन एकत्र आले की चुकणारा स्क्रू बहुधा बाहेर जातो आणि तिथे मेंदूला रक्त नेणारी व्हर्टिब्रल धमनी असते. ही धमनी बहुतेक माणसांत सी-६ च्या फोरामेनमध्ये शिरून वर जाते. सी-७ च्या फोरामेनमधून सहसा फक्त शिरा जातात. त्यामुळे सी-७ वर बाजूची भिंत फुटण्याचा धोका तुलनेने कमी असतो, पेडिकलही रुंद असते, आणि नेमकी तिथली लॅटरल मास पातळ असते. सी-३ ते सी-६ मध्ये लॅटरल मास स्क्रू आणि सी-७ मध्ये पेडिकल स्क्रू अशी जी विभागणी अनेक शल्यचिकित्सक करतात, तिच्यामागे ही मोजमापेच आहेत.

लॅटरल मासच्या बाबतीत रॉय-कामीय आणि मागेर्ल या शल्यचिकित्सकांच्या स्क्रू घालण्याच्या दोन पद्धती समोर ठेवून मोजा. पहिलीत स्क्रू मासच्या मध्यबिंदूतून, सुमारे १० अंश बाहेर आणि मागच्या पृष्ठभागाला काटकोनात जातो. दुसरीत मध्यबिंदूच्या किंचित आतून व वरून, सुमारे २५ अंश बाहेर आणि फॅसेट सांध्याच्या (दोन मणक्यांमधल्या मागच्या छोट्या सांध्याच्या) पातळीला समांतर जातो. दुसऱ्या पद्धतीत स्क्रूला लांब वाट मिळते, पण तो पुढून फार बाहेर आला तर मज्जातंतूच्या मुळाला लागू शकतो. मासची केवळ पुढून मागे जाडी दिलीत तर ती आमच्या दृष्टीने अपुरी आहे. या दोन वाटांवरील प्रत्यक्ष लांबी दिलीत, तर १२, १४ की १६ मि.मी.चा स्क्रू घ्यावा याचा अंदाज त्यातून मिळतो.

आता वरचे दोन मणके. मुंबईत बसून हा प्रबंध लिहिताना ॲटलास (पहिला मणका) आणि ॲक्सिस (दुसरा मणका) यांना गौण स्थान देणे मला पटणार नाही. ॲटलासच्या लॅटरल मासमध्ये व ॲक्सिसमध्ये स्क्रू घालून ते प्लेटने जोडण्याची पद्धत परळच्या केईएम रुग्णालयातून डॉ. अतुल गोयल आणि त्यांचे सहकारी डॉ. लाहेरी यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. २००१ मध्ये हार्म्स व मेल्शर यांनी त्याच दिशेने फिरत्या डोक्याचे स्क्रू आणि रॉड वापरले. आज जगभर गोयल-हार्म्स म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत कुठे शक्य आहे आणि कुठे नाही, हे ॲक्सिसच्या आत धमनी किती उंच चढते यावर अवलंबून असते. कॅनालच्या कडेपासून ३ मि.मी. बाहेरच्या उभ्या छेदात इस्थमसची (ॲक्सिसच्या वरच्या व खालच्या सांध्यांमधल्या अरुंद हाडाची) उंची ५ मि.मी. किंवा कमी, अथवा आतली उंची (धमनीच्या वाटेच्या छतापासून वरच्या सांध्यापर्यंतची हाडाची जाडी) २ मि.मी. किंवा कमी असेल, तर धमनी ‘हाय रायडिंग’ (नेहमीपेक्षा उंच चढलेली) समजली जाते आणि त्या बाजूला नेहमीचा स्क्रू टाळण्याचा विचार करावा लागतो. हे प्रमाण डावी-उजवीकडे वेगवेगळे नोंदवा, कारण एका बाजूला धोका असला तरी दुसरी बाजू मोकळी असू शकते.

उत्तर २ — निवृत्त_प्राध्यापक

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु कोरड्या हाडांची बाजू कोणीतरी मांडायला हवी. सीटी हाडाच्या आतली मापे उत्तम देतो. शल्यचिकित्सकाच्या डोळ्यांपुढे मात्र हाडाचा पृष्ठभाग असतो आणि त्यावरच्या खुणांवरून त्याला अंतर राखायचे असते. ॲटलासच्या मागच्या कमानीचे उदाहरण घ्या. तिच्या वरच्या पृष्ठभागावरील खोबणीतून व्हर्टिब्रल धमनी मध्यरेषेकडे येते व मग वर वळते. १९९० च्या दशकात इब्राहिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरड्या ॲटलासवर ही अंतरे मोजली आणि कमानीच्या मागच्या बाजूने मध्यरेषेपासून १२ मि.मी.पर्यंत व वरच्या कडेने ८ मि.मी.पर्यंतच स्नायू सोडवावेत असे सुचवले. कॅलिपर व हाड एवढ्या साहित्यातून निघालेला, थेट हातावर बंधन घालणारा हा आकडा आहे. आपल्याकडच्या हाडांत ही अंतरे कमी भरतात का, हे पाहणे मोलाचे ठरेल.

त्याच खोबणीवर कधी कधी हाडाचा पूल तयार झालेला असतो, त्याला पॉन्टिक्युलस पोस्टिकस म्हणतात. तो पूर्ण आहे की अपूर्ण, एका बाजूला आहे की दोन्ही, हे अवश्य नोंदवा. पूल असला की कमान प्रत्यक्षापेक्षा जाड भासते आणि कमानीतून लॅटरल मासमध्ये स्क्रू घालणारा फसू शकतो. ज्याला तो कमानीचे हाड समजतो, त्याच्याखाली धमनी असते. खोबणीच्या तळाशी कमानीची जाडी किती मि.मी. आहे आणि ती ४ मि.मी.पेक्षा कमी किती हाडांत आहे, हे मापही याच जोडीने द्यावे.

आता अडचणी. तुमच्याकडे सुटे मणके जास्त आहेत असे लिहिले आहे. ॲटलास, ॲक्सिस आणि सातवा मणका सुटा असला तरी ओळखता येतो, परंतु सुट्या हाडांत तिसरा, चौथा आणि पाचवा यांत खात्रीने फरक करणे मला तरी आयुष्यभर जमले नाही आणि ज्यांना जमते असे म्हणतात त्यांच्या नोंदी मी थोड्या संशयानेच पाहतो. सहाव्याचा पुढचा ट्युबर्कल (हाडाचा उंचवटा) मोठा असतो, म्हणून तो काहीसा सोपा आहे. शल्यचिकित्सकाला पातळीनिहाय आकडे हवे आहेत, तेव्हा सी-३ ते सी-६ साठी केवळ ओवलेले संच घ्या. नमुना लहान झाला तरी चालेल.

कपाटातील हाडांचे वय व लिंग बहुधा नोंदलेले नसते. त्यामुळे पुरुष-स्त्री तुलना करण्याच्या मोहात पडू नका. आकार पाहून लिंग ठरवायचे आणि मग त्या लिंगाचा आकार किती हे सांगायचे, असा चक्राकार युक्तिवाद मी तोंडी परीक्षांत अनेकदा ऐकला आहे. बाहेरच्या पातळ कवचाला झीज लागलेली, कडेला ऑस्टिओफाइट (हाडाची जादा वाढ) असलेली व तुटलेली हाडे वगळण्याचे निकष आधीच लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट संख्याशास्त्राची. एका मणक्याच्या डाव्या व उजव्या पेडिकल या दोन स्वतंत्र नोंदी नव्हेत. पन्नास मणक्यांतून शंभर पेडिकल मोजल्या म्हणून नमुना शंभराचा होत नाही. तो पन्नासच राहतो. प्रत्येक माप काही आठवड्यांच्या अंतराने, आधीची नोंद न पाहता पुन्हा घ्या आणि काही हाडे दुसऱ्या व्यक्तीकडून मोजून घ्या. ज्या मापात स्वतःच्याच दोन वाचनांत अर्धा मि.मी. फरक पडतो, त्यात ४.३ आणि ४.६ यांतला भेद सांगण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही, मग कॅलिपरवर दशांशानंतर कितीही आकडे दिसोत.

उत्तर ३ — इम्प्लांट_रचनाकार

मी शल्यचिकित्सक नाही. मणक्याची इम्प्लांट तयार करणाऱ्या क्षेत्रात काम करतो. तुमच्या यादीतील बॉडीची रुंदी आणि खोली गाळू नका, पण ती मधोमध न मोजता वरच्या व खालच्या एंडप्लेटवर (डिस्कला टेकणाऱ्या पृष्ठभागावर) वेगवेगळी मोजा. पुढून डिस्क काढून केज (तिच्या जागी बसवायचा पोकळ आधार) किंवा कृत्रिम डिस्क बसवताना तिचा तळ एंडप्लेटवर टेकतो. तो लहान पडला तर भार कमी जागेवर येतो आणि इम्प्लांट हाडात रुतते. मोठा असेल तर मागे कॅनालकडे सरकण्याची भीती असते. अनेक मापसंच पाश्चात्त्य लोकसंख्येच्या आकड्यांवर बेतलेले आहेत. इथे सरासरीपेक्षा पाचवे व पंचाण्णवावे शतमान उपयोगी पडते, कारण किती मापे तयार ठेवायची हे त्यावरून ठरते. पुढच्या प्लेटच्या स्क्रूची लांबीही बॉडीच्या खोलीवरूनच निवडली जाते.

उत्तर ४ — रेडिओलॉजी_वाचक

सीटीच्या बाबतीत एक सावधगिरी सांगतो. अनेक लेखांत पेडिकलची रुंदी नेहमीच्या आडव्या छेदावर मोजलेली असते. पेडिकल त्या पातळीला नेमकी समांतर नसते, म्हणून छेद तिला तिरका कापतो आणि माप बदलते. एक मि.मी. किंवा त्याहून पातळ छेद घेऊन पेडिकलच्या अक्षाला अनुसरून पुनर्रचना करावी, मग अक्षाला काटकोनात जिथे ती सर्वांत अरुंद आहे तिथे मोजावे. विंडो (पडद्यावरील करड्या छटांची मांडणी) हाडाचीच ठेवावी. सॉफ्ट टिश्यू विंडोवर कवच फुगलेले दिसते आणि अरुंद पेडिकल ऐसपैस भासते.

फोरामेनच्या व्यासाबद्दलही थोडे. फोरामेन मोठे म्हणजे धमनी मोठी असे साधारण म्हणता येते, परंतु ते नाते सैल आहे. डावी धमनी बऱ्याच जणांत प्रबळ असते. दुसरी धमनी बारीक असताना प्रबळ धमनीला इजा झाली तर मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा संकटात येतो, तेव्हा कोणती बाजू प्रबळ आहे हे सीटी अँजिओग्राफीवर पाहावे. कोरड्या हाडाच्या छिद्रावरून त्याचा निवाडा करू नये. अपघात विभागात मानेचे सीटी नियमित होत असतात. त्यांपैकी हाड न मोडलेल्या प्रौढांचे जुने स्कॅन संस्थेच्या नैतिकता समितीच्या परवानगीने वापरता आले, तर तुम्हाला वय आणि लिंगही मिळेल.

ॲनाटॉमी_निवासी, मुंबई

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या गाईड मॅडमशी बोलून आराखडा असा बदलत आहे: ॲटलास, ॲक्सिस व सी-७ यांची पृष्ठभागावरील अंतरे कोरड्या हाडांवर, आणि सी-३ ते सी-६ यांच्या पेडिकल व लॅटरल मासची वाट सीटीवर. ओवलेल्या संचांवर दोन्ही पद्धती लावून, हाड प्रत्यक्ष मोजून आणि त्याच हाडाचा स्कॅन करून, दोहोंतील तफावतही पाहता येईल. फोरामेनचे व्यास गाळत आहे. स्पायनल कॅनालबद्दल मात्र शंका आहे. कॅनाल अरुंद होणे हा मुख्यतः मऊ ऊतींचा प्रश्न असेल, तर हाडावर ते माप घेण्यात अर्थ आहे का?

मणका_शल्यचिकित्सक

अर्थ आहे, पण मर्यादित आहे. उतारवयात मज्जारज्जूवर दाब येतो तो फुगलेली डिस्क, ऑस्टिओफाइट, जाड झालेले लिगामेंटम फ्लेव्हम (मागच्या कमानींना जोडणारा पट्टा) किंवा मागच्या लिगामेंटचे हाड होणे यांमुळे, आणि यांतील बरेच काही तुमच्या स्वच्छ केलेल्या मणक्यावर दिसणारच नाही. हाडाचे माप सांगते ते माणसाला जन्मतः मिळालेल्या जागेविषयी. पुढून मागे व्यास १३ मि.मी.पेक्षा कमी असेल तर कॅनाल सापेक्ष अरुंद आणि १० मि.मी.पेक्षा कमी असेल तर निखालस अरुंद समजण्याची प्रथा आहे. ज्याची जागा मुळातच कमी आहे, त्याला थोडी डिस्क सरकली तरी हातापायांची ताकद कमी होण्याची लक्षणे लवकर दिसतात. अनेक पातळ्यांवर कॅनाल अरुंद असेल तर पुढून एक-दोन डिस्क काढण्याऐवजी मागून लॅमिनोप्लास्टी (मागची कमान उघडून जागा वाढवणे) किंवा लॅमिनेक्टमी (ती कमान काढणे) करावी का, हा विचार इथूनच सुरू होतो.

व्यासासोबत टॉर्ग-पावलोव्ह गुणोत्तरही द्या: कॅनालचा व्यास भागिले बॉडीची खोली. एक्स-रेवर प्रतिमा मोठी होते, पण अंश व छेद दोन्ही सारख्याच प्रमाणात मोठे होत असल्याने गुणोत्तर बदलत नाही, म्हणून ते रूढ झाले; ०.८ च्या खाली गेले की कॅनाल अरुंद असल्याचा संशय घेतात. त्याची खोट अशी की बॉडी मोठी असलेल्या धडधाकट माणसात कॅनाल पुरेसा असूनही गुणोत्तर कमी येते. हाडावर तुम्हाला दोन्ही मूळ आकडे प्रतिमेच्या दोषाविना मिळतात. तेव्हा गुणोत्तर कमी आणि व्यास मात्र १३ च्या वर, अशी हाडे किती निघतात ते मोजा. खोट किती मोठी आहे, हे त्यावरून कळेल.

माप घेताना कॅलिपरचे एक टोक बॉडीच्या मागच्या पृष्ठभागावर मध्यरेषेत, उंचीच्या मध्यावर ठेवा आणि दुसरे दोन्ही लॅमिना (मागच्या कमानीच्या दोन फळ्या) जिथे आतून मिळतात तिथल्या सर्वांत जवळच्या बिंदूवर. बॉडीची खोलीही त्याच पातळीवर मोजा. एंडप्लेटवर घेतलेले माप इथे वापरू नका. कडा पुढे-मागे ओठासारख्या वाढलेल्या असतात, त्यामुळे छेद वाढतो आणि गुणोत्तर विनाकारण खाली येते.